पाचोळा राहू द्या, त्यात कुणीतरी हिवाळा काढतंय

ऑक्टोबर लागला की आमच्याकडे, दक्षिण स्वीडनमध्ये, लीफ ब्लोअरची घरघर सुरू होते. ओकखालचा सगळा पाचोळा ट्रकमध्ये भरून नेतात आणि खाली उघडी माती उरते. सोसायटीतल्या बऱ्याच जणांना हे नीटनेटकं वाटतं. माझा याला ठाम विरोध आहे, आणि तो एका पतंगासाठी आहे.

युप्सिलिया ही रात्री उडणाऱ्या पतंगांची प्रजाती. तिची ट्रान्सव्हर्सा ही जात इथे आढळते. रंग वाळलेल्या पानासारखा तांबूस, पंखावर एक पांढरा किंवा नारिंगी ठिपका आणि त्याला खेटून दोन बारीक टिंबं. बाकीचे बहुतेक पतंग अंडी, अळी किंवा कोषात थंडी काढतात. हा मात्र पंख फुटलेल्या अवस्थेतच हिवाळ्याला सामोरा जातो. कडाक्याच्या थंडीत पाचोळ्यात दडून राहतो, जरा ऊब आलेल्या रात्री उडतो.

साखर घातलेल्या रेड वाइनमध्ये भिजवलेली दोरी फांदीवर टांगली की तो रस प्यायला येतो. निघताना लगेच उडत नाही. आधी पंख थरथरत राहतात, टॉर्चच्या उजेडात नुसते धूसर दिसतात, आणि मग एकदम झेप. बर्न्ड हाइनरिश या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या युप्सिलियांवर काम करून यामागचं गणित उलगडलं. हवा शून्याच्या आसपास असताना हे पतंग स्नायू थरथरवून छाती ३० अंशांपर्यंत तापवतात. छातीवर दाट लव असते. शिवाय पोटाकडे निघालेलं ऊन रक्त वाटेत परतीच्या थंड रक्ताला ऊब देतं, म्हणून उष्णता छातीतच टिकते. एवढ्याशा जिवात ही सोय! आणि त्या दिवसांत वटवाघळं झोपलेली असतात, म्हणजे आकाश बरंचसं निर्धोक.

वसंतात विलोच्या फुलोऱ्यावर पोट भरून हे पतंग अंडी घालतात. सुरवंट पानं खातात, पुढे दुसऱ्या सुरवंटांनाही सोडत नाहीत. आणि सुरवंटांवर पक्ष्यांची पिल्लं वाढतात.

पायवाटा जरूर झाडा, ओल्या पानांवरून म्हातारी माणसं घसरतात. पण झाडांखालची आणि कुंपणालगतची पानं मे महिन्यापर्यंत तशीच राहू द्या. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे. इथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपापल्या सोसायटीतही हा विषय काढावा. खर्च काहीच नाही, उलट ट्रकचे पैसे वाचतात.