‘ध्रुवने एकही जीव वाचवला नाही’ हे खोटे आहे

5 जानेवारी 2025 रोजी तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर पोरबंदर विमानतळावर कोसळले आणि तिघांचा जीव गेला. तेव्हापासून एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: तटरक्षक दलाचे ध्रुव म्हणजे उडती शवपेटी. जुना चेतक हेलिकॉप्टर चांगला होता, तो काढून हे गळ्यात मारले. लष्कराचेच यंत्र रंग बदलून समुद्रावर पाठवले. त्याने आजवर एकही जीव वाचवला नाही, नुसते घेतले. परदेशी हेलिकॉप्टर घेतले असते तर हे घडलेच नसते. इक्वाडोरने तर ध्रुव केव्हाच नाकारले.

यातला राग मला कळतो. त्या रागाला खरे कारणही आहे, आणि त्याबद्दल पुढे लिहितोच. पण या मजकुरातली बहुतेक वाक्ये खोटी किंवा अर्धी आहेत. खोट्याच्या आधारावर मागितलेला जाब कोणीही सहज उडवून लावतो, म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

सर्वात आधी ‘एकही जीव वाचवला नाही’. हे वाक्य वाचून मला सर्वात जास्त त्रास झाला.

6 जुलै 2022. ‘ग्लोबल किंग’ नावाचे जहाज संयुक्त अरब अमिरातीतल्या खोर फक्कानहून डांबर घेऊन कारवारकडे निघाले होते. पोरबंदरपासून 93 सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे 172 किलोमीटरवर, त्यात पाणी शिरले आणि ते आवरेना. ऐन पावसाळ्यातला अरबी समुद्र कसा असतो हे कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला विचारा. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. पोरबंदरला ध्रुव मार्क 3 या नव्या आवृत्तीची तुकडी स्थापन होऊन दहा दिवसही झाले नव्हते. तरी ही हेलिकॉप्टरे निघाली आणि जहाजावरचे सर्व 22 जण सुखरूप किनाऱ्यावर आले. त्यांत 20 भारतीय, एक पाकिस्तानी आणि एक श्रीलंकन होता.

ऑगस्ट 2023 मध्ये ‘डोंग फांग कान तान नंबर 2’ या संशोधन जहाजावरच्या एका चिनी कर्मचाऱ्याचे हृदय बंद पडू लागले. जहाज किनाऱ्यापासून सुमारे 200 किलोमीटर आत, रात्रीची वेळ, हवामान खराब. ध्रुवनेच त्याला उचलून किनाऱ्यावर आणले. रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नाही, पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ते कळत नाही. अशा वेळी डुलणाऱ्या जहाजाच्या डोक्यावर हेलिकॉप्टर एका जागी धरून ठेवायचे, दोराने माणूस खाली सोडायचा आणि रुग्णासह वर ओढून घ्यायचा. हे काम मिनिटभरात उरकत नाही. तेवढा सगळा वेळ वैमानिकाला यंत्र हलू द्यायचे नसते.

आता ज्या अपघातावरून हे लोक ‘नुसते जीव घेतले’ म्हणतात तो पाहा. 2 सप्टेंबर 2024 च्या रात्री अकराला एक ध्रुव पोरबंदरहून निघाले. सुमारे 45 किलोमीटरवर ‘हरी लीला’ या टँकरवर एक खलाशी गंभीर जखमी झाला होता, त्याला आणायचे होते. जहाजाजवळ पोहोचताना हेलिकॉप्टर समुद्रात पडले. चौघांपैकी एकच जण वाचला. मुख्य वैमानिकाचा मृतदेह महिन्याहून अधिक काळ शोध घेतल्यानंतर हाती लागला. तटरक्षक दलाच्याच निवेदनात म्हटले होते की याच ध्रुवने त्याआधी गुजरातेतल्या चक्रीवादळी हवामानात 67 जणांचे प्राण वाचवले होते. फिरत्या मजकुरात त्या 67 जणांचा उल्लेख नाही. ही माणसे एका अनोळखी खलाशासाठी मध्यरात्री निघाली आणि परतली नाहीत. त्यांच्या यंत्राने ‘एकही जीव वाचवला नाही’ असे लिहिणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पुढचा दावा चेतकचा. चेतकबद्दल मला मनापासून आदर आहे. तटरक्षक दलाची हवाई शाखा 1982 मध्ये गोव्यात उभी राहिली ती चेतकवरच. 17 जून 2021 ला रेवदंड्याजवळ ‘मंगलम’ हे जहाज बुडू लागले तेव्हा दमणहून आलेल्या चेतकांनी आणि दिघीहून निघालेल्या ‘सुभद्राकुमारी चौहान’ या जहाजाने मिळून सोळाच्या सोळा जणांना वाचवले. म्हणजे ध्रुव येऊन एकोणीस वर्षे झाली तरी चेतक कामावर होता. तो काढून टाकला हेही खरे नाही.

पण चेतक ‘अधिक सुरक्षित’ होता या म्हणण्याला आधार काय? चेतक ज्यावरून बनला त्या फ्रेंच अलुएत 3 हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण 1959 चे. आपल्याकडे त्याचीच निर्मिती हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली केली. त्याला इंजिन एकच. किनाऱ्यापासून शंभर मैलांवर ते बंद पडले तर खाली पाणीच. ध्रुवला इंजिने दोन, एक गेले तरी दुसऱ्यावर परत येण्याची संधी उरते. चेतकमध्ये वैमानिकासह सात माणसे बसतात, त्यामुळे बुडत्या जहाजावरून वीस-बावीस जण आणायचे तर फेऱ्यांवर फेऱ्या. अपघात चेतकचेही झाले आहेत. 10 मार्च 2018 ला मुरुडजवळ नांदगावच्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाच्या चेतकला तातडीने उतरावे लागले. त्यात गंभीर जखमी झालेली तरुण सहवैमानिक पुढे रुग्णालयात दगावली. तो अपघात आपल्या रायगड जिल्ह्यातलाच, तरी लोक विसरले.

‘लष्कराचेच यंत्र रंग बदलून दिले’ याला उत्तर थोडक्यात देता येते. तटरक्षक दलाकडे पहिले ध्रुव आले 2002 मध्ये. मार्च 2017 मध्ये सोळा मार्क 3 चा करार झाला आणि जून 2021 पासून ती येऊ लागली, ती सागरी कामासाठीच घडवलेली होती. नाकात टेहळणी रडार, दिवसरात्र पाहणारा कॅमेरा, प्रखर शोधदिवा, जहाजे ओळखणारी यंत्रणा, संकटातल्या माणसाच्या बीकनचा, म्हणजे संकेत सोडणाऱ्या यंत्राचा, माग काढणारे उपकरण. लष्कराचे ध्रुव घसरपट्ट्यांवर उतरते, याला चाके आहेत.

आता मजकुरातल्या खऱ्या भागाकडे येतो. तो मी टाळणार नाही.

मार्च 2023 मध्ये नौदलाचे एक ध्रुव मुंबईजवळ समुद्रात उतरवावे लागले. त्याच महिन्याच्या 26 तारखेला तटरक्षक दलाचे एक कोचीला उड्डाण घेताच खाली आले. तपासाचा रोख नियंत्रण दांड्यांवर गेला. वैमानिकाच्या हाताची हालचाल पात्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या या दांड्या अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या, त्यांच्या जागी पोलादी बसवण्याचे ठरले. मग सप्टेंबर 2024, मग जानेवारी 2025. पोरबंदरच्या अपघाताच्या तपासात स्वॉशप्लेटला तडा गेल्याचे आढळले. स्वॉशप्लेट म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन कड्या: खालची स्थिर, वरची पात्यांबरोबर फिरणारी. वैमानिक खालची कडी कलवतो, वरची तसतशी कलते आणि पात्यांचा कोन बदलतो. हेलिकॉप्टर वर जाणे, पुढे जाणे, वळणे, सगळे इथून चालते. ही कडी तुटली तर इंजिने दोन असोत की चार, वैमानिकाच्या हाती काही उरत नाही.

अपघातानंतर देशातली सारी ध्रुव, तीनशेहून अधिक, जमिनीवर उभी केली गेली. मे 2025 मध्ये लष्कर आणि हवाई दलाच्या ध्रुवना उडण्याची मुभा मिळाली. नौदल आणि तटरक्षक दलाची तेव्हाही उभीच राहिली. माझ्या मते विचारण्यासारखा प्रश्न इथेच आहे, आणि ‘शवपेटी’ ओरडणारा मजकूर नेमका तोच विचारत नाही.

परदेशी हेलिकॉप्टर घेतले असते तर? अमेरिकी तटरक्षक दलाचे डॉल्फिन हेलिकॉप्टर 1980 च्या दशकात सेवेत आले. त्याची इंजिने उड्डाणात ताकद गमावत. सुमारे वीस वर्षे त्यांच्याशी झगडल्यावर 2004 पासून ती बदलायला घेतली. मार्च 2009 मध्ये कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ अमेरिकी बनावटीच्या एस-92 हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सचे तेल गेले, कारण तेलगाळणीचे बोल्ट तुटले. अठरापैकी सतरा जण गेले. एप्रिल 2016 मध्ये नॉर्वेत युरोपीय बनावटीच्या ईसी 225 चा मुख्य पंखा हवेतच निसटला, कारण गिअरमधला थकव्याचा तडा, तेरा मृत्यू. त्याच प्रकारच्या हेलिकॉप्टरांना 2012 मध्ये दोनदा उत्तर समुद्रात उतरावे लागले होते. मार्च 2017 मध्ये आयर्लंडच्या तटरक्षक दलाचे एस-92 रात्री एका बेटावर आदळले आणि चौघे गेले. तिथे यंत्राचा दोष नव्हता, पण तीही एका जखमी मच्छीमाराला आणण्याच्या मोहिमेतलीच फेरी होती.

ही उदाहरणे ध्रुवचा दोष झाकायला दिलेली नाहीत. समुद्रावरचे हेलिकॉप्टर कुठल्याही देशातले असो, त्याचे काम पाण्याजवळ, कमी उंचीवर, बराच वेळ एका जागी थांबून चालते. बिघाड झाला तर सावरायला उंची नसते. खारी हवा रोज धातूला लागते. फरक पडतो तो बिघाडानंतर काय केले यात. कॅनडातल्या आणि नॉर्वेतल्या अपघातांचे सविस्तर तपास अहवाल कोणालाही वाचता येतात. कोणता बोल्ट तुटला, तडा कुठून सुरू झाला, हे त्यात लिहिलेले आहे.

इक्वाडोरचे मात्र बहुतांश खरे आहे. 2009 पासून त्यांनी सात ध्रुव घेतली, चार पडली, 2015 मध्ये करार रद्द झाला. पण ती तटरक्षक दलाची सागरी मार्क 3 नव्हती, आणि सगळे अपघात यंत्राच्या दोषानेच झाले असेही नाही.

तेव्हा हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे. त्याऐवजी हे प्रश्न पाठवा: स्वॉशप्लेटला तडा नेमका कशाने गेला? सागरी ध्रुवमध्येच तो का सापडला? त्या कडीची धातू, घडण किंवा तपासणीचे अंतर यात काय बदलले? तपास अहवाल लोकांपुढे कधी येणार? आणि सागरी ध्रुव उभी असतात त्या काळात पोरबंदरपासून शंभर सागरी मैलांवर रात्री कोणी जखमी झाला, तर त्याला आणायला कोणते हेलिकॉप्टर जाते?