गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका

काल गल्लीत एकाने कुत्र्याला काठीने झोडपलं, का तर तो गुरगुरला, आणि मला आमचा काळ्या आठवला म्हणून लिहितोय.

मागच्या मे महिन्यात अमळनेरला बहिणीचा पोरगा सुट्टीला आलेला, पाच वर्षांचा, दिवसभर काळ्याच्या गळ्यात पडून. काळ्या गावठी, आठ वर्षांचा, कधी कुणाला ओरखडा नाही. पोरगं मिठी मारतंय आणि हा तोंड फिरवतोय, नाकावरून जीभ फिरवतोय, झोप नसताना जांभई देतोय, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसतंय. आम्ही व्हिडिओ काढतोय, बघा कसा लाडात आलाय. शेवटी गुरगुरला, तर घरातल्याच एकाने चपलेने हाणलं.

मग गुरगुरणं बंद, आम्हाला वाटलं सुधारला. आठ दिवसांनी त्याने आवाज न करता सरळ हात धरला पोराचा. दोन दात लागले. १५ मिनिटं साबण लावून नळाखाली धुतला, मग लगेच दवाखाना, काळ्याला लस दिलेली होती तरी पोराला रेबीजची इंजेक्शनं चुकवली नाहीत. वडील सारखं विचारत होते, "काय व्हयनं रे याले?"

काळ्याला काहीच झालं नव्हतं हो. त्या रात्री तोच व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला, पोटात गोळा आला माझ्या. अर्ध्या मिनिटात चार वेळा सांगितलं होतं त्याने, आणि पाचव्यांदा सांगितलं तेव्हा आपण मारलं.

आता प्रत्येक जांभई म्हणजे भीती असं नाही, झोपेतून उठल्यावर पण देतो, आणि आपल्याकडच्या ४४-४५ च्या उन्हात जीभ बाहेर काढून धापा टाकणं हे गरमीचंच. कधी करतोय, समोर कोण आहे ते बघावं लागतं. शेपटीचंही तसंच, कंबरेसकट सैल हलते तेव्हा आनंद, पण ताठ, वर, टोकाशी भराभर हलत असेल तर लांब राहा.

आणि ते "चूक केली म्हणून तोंड पाडतो" हेही आपलंच. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करतात, त्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात खाऊ न चोरलेली कुत्रीसुद्धा मालक रागावला की तसाच चेहरा करत होती. तो चेहरा आपल्या रागामुळे असतो, चुकीची कबुली नसते ती.

दिवाळीला भाचा परत आला. लांब बसून हाक मारली त्याने. काळ्याने तोंड फिरवलं, बाजेखाली जाऊन पडला. पोरगं म्हणालं, "मामा, त्याला आत्ता नकोय," आणि खेळायला निघून गेलं.