तीन लाल टिक आल्या की कोर्टाचं समन्स म्हणे!

काल रात्री डिचोलीहून मावशीचा फोन. "अरे, तो डोंगराचा फोटो मी काढून टाकला हां, आणि ग्रुपमधूनपण बाहेर पडले." गावामागचा डोंगर जेसीबी लावून कापतायत, ग्रामसभेत विषय यावा म्हणून हिनेच पहिला फोटो टाकलेला, त्यावरून वाड्यावरच्या बायका जमायला लागलेल्या. आणि आता ही घाबरली, का तर व्हॉट्सअ‍ॅपवर सरकारचा नवा नियम आलाय. मागवून घेतला तो नियम. "उद्यापासून सर्व कॉल रेकॉर्ड होणार, तुमचा मोबाइल मंत्रालयाच्या सिस्टमला जोडला जाणार, राजकारणावर मेसेज टाकणे गुन्हा, वॉरंटशिवाय अटक" आणि खाली टिकांचा तक्ता.

हे "उद्यापासून" मी लॉकडाऊनमध्येपण वाचलेलं. तारीख नाही, अधिसूचनेचा नंबर नाही, खात्याचं नाव नाही. केंद्र सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या, फॅक्ट चेकने तो खोटा म्हणून सांगितलाय, तोही एकदा नव्हे. तरी दर चवथीला पाहुणे यावेत तसा हा येतोच.

टिकांचं तर विचारूच नका. तीन निळ्या म्हणजे सरकारने नोंद घेतली, दोन निळ्या एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते, एक निळी दोन लाल म्हणजे तुमची माहिती तपासतायत, तीन लाल म्हणजे समन्स निघालं. अरे बाबांनो, पंचायतीत घराच्या दाखल्याला चार खेपा घालायला लावणारं सरकार तुम्हाला पकडण्याआधी रंग बदलून कळवणार? एक राखाडी टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोचला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला. संपलं. लाल टिक कोणी बघितली असेल तर स्क्रीनशॉट पाठवा, मी वाट बघतोय.

कॉल रेकॉर्डिंगचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून मेसेज आणि कॉल दोन्ही एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला ते वाचता-ऐकता येत नाहीत. हां, एखाद्या ठरावीक नंबरचा साधा फोन गृहसचिवांच्या आदेशाने टॅप होऊ शकतो, तो कायदा आहे, नाही म्हणत नाही. पण मावशीच्या उकड्या तांदळाच्या गप्पांसाठी कोण आदेश काढणार? आणि खरं सांगू, डोंगराच्या ग्रुपमधली बातमी फुटते ती ग्रुपमधल्याच कुणीतरी पंचाला स्क्रीनशॉट पाठवल्यामुळे, त्याला मंत्रालय कशाला लागतं.

खरं विष आहे ते अटकेच्या ओळीत, कारण लोक गप्प बसतात ते हिच्यामुळे. आणि भीती अगदीच हवेतली नाही, हे कबूल करावं लागतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ कलम होतं, "त्रासदायक" वाटेल अशा मेसेजवरून अटक करता यायची. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून धरलेलं, २०१४ मध्ये आपल्या गोव्यातच पंतप्रधानपदाच्या उमेदवारावरच्या पोस्टवरून एकावर गुन्हा नोंदलेला. पण २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. चर्चा करणं आणि एखाद्या गोष्टीची बाजू मांडणं, मग ती कुणाला कितीही न आवडो, हे अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या गाभ्यातच येतं, चिथावणीपर्यंत गेलं तरच रोखता येतं, असं कोर्टाने म्हटलंय. धर्माधर्मांत तेढ लावणारं लिहिलं तर आजही वॉरंटशिवाय अटक होते, व्हायलाच हवी. पण "आमचा डोंगर कापू नका" यात कुठली तेढ?

आपल्या गोव्यातलं मोलेचं जंगल आठवा. २०२० मध्ये त्यातून रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी न्यायची ठरली तेव्हा लॉकडाऊन, सभा घ्यायला बंदी. पोरांनी फोनवरूनच चित्रं, पत्रं, व्हिडिओ फिरवले, आणि नोव्हेंबरच्या एका रात्री चांदर गावात हजारो माणसं रुळांपाशी जमली. पुढे ९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने रेल्वेला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तो निकाल कोर्टात लढून मिळाला, फॉरवर्डमुळे नाही, हे मान्य. पण सगळे तेव्हाच मावशीसारखे फोटो डिलीट करून बसले असते तर?

आज सकाळी हे सगळं मावशीला सांगितलं. ऐकून घेतलं, ग्रुपमध्ये परत आलीपण. फोटो मात्र टाकेना. "आधी तू टाक, तुला किती टिक येतात बघते."

टाकलाय. दोन आल्यात, अजून राखाडीच.