टाइपरायटरला तेल पाजू नका

माळ्यावरून जुना टाइपरायटर खाली आला की घरातलं कुणीतरी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन धावतं आणि अक्षरांच्या दांड्यांच्या मुळाशी धार सोडतं. कळकळीची विनंती आहे, हे करू नका. दांड्या ज्या अर्धगोल पट्टीतल्या खाचांत बसतात, त्या खाचा कोरड्याच हव्यात. तेलात मुंबईची धूळ मिसळली की चिकटा होतो, आणि महिन्याभरात दांडी वर गेली की खाली यायचं नाव घेत नाही.

गोदरेजने विक्रोळीत १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे त्यांचं सगळ्यात नवं यंत्रही आज जुनंच आहे. ते शोकेसमध्ये बसवण्यापेक्षा चालतं करावं, असं माझं ठाम मत आहे.

उचलताना दोन्ही मार्जिनचे खटके मध्याला आणा, म्हणजे कॅरेज (कागद धरून डावी-उजवीकडे सरकणारा वरचा भाग) घसरणार नाही. हात तळाच्या सांगाड्याखाली घाला, कॅरेजला धरून कधीच उचलू नका. पंधराएक किलोचं हे वजन उगाच नव्हतं. चार-पाच कार्बन घातल्यावर शेवटच्या प्रतीवर ठसा उमटायला दणका लागतो, आणि ओळ संपून कॅरेज जोरात ढकलली तरी यंत्र जागचं हलून चालत नाही.

आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा. मग खाचांत थोडं व्हाइट पेट्रोल (चिकटा, डाग काढायचं पातळ द्रावण) सोडा आणि प्रत्येक कळ मोकळी होईपर्यंत दाबत राहा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस पेटवू नका, रंगावर थेंब पडू देऊ नका. अक्षरांच्या पोटात साचलेली शाई जुन्या टूथब्रशने निघते. तेल फक्त कॅरेजच्या रुळांना, तेही फडक्यावर घेऊन पुसल्यासारखं.

कळ दाबूनही कॅरेज सरकत नसेल तर मोठा बिघाड समजून भंगारात देऊ नका. कॅरेजला ओढणारी पट्टी किंवा दोरी हुकातून निसटलेली असते, बहुतेक वेळा एवढंच. फक्त ही पट्टी खेचणारा स्प्रिंगचा डबा ताणलेला असताना पट्टी हातातून सोडू नका.

रिबन अर्ध्या इंचाची. ती एका टोकाला अडकून तिथेच झिजत असेल तर दिशा बदलणारा खटका बघा. रोलरचं रबर दगडासारखं झालं असेल तर कागद फाटतो, म्हणून मागे आणखी एक कोरा कागद लावा.

मराठी यंत्र घेत असाल तर काना आधी तपासा. रेमिंग्टन कळफलकावर (मराठी टाइपरायटरवरची कळांची नेहमीची मांडणी) ‘भाषा’ लिहायला अर्धा भ, काना, काना, अर्धा ष, काना, काना असे सहा ठोके पडतात, त्यातले चार एकाच कळीवर! पहिली वेलांटी मात्र अक्षराच्या आधी दाबायची.

पावसाळ्यात रेक्झिनचं कव्हर नको, आत दमट हवा कोंडते आणि गंज धरतो. सुती कापड टाका, आणि आठवड्यातून एकदा सगळ्या कळा दाबून बघा.