सुट्या पत्तीचा चिनी चहा: 'हे चोचले आहेत' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा आली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते रागाच्या भरात उतरतंय असं वाटलं म्हणून थांबले. आज सावकाश लिहिते आहे.

सुट्या पत्तीच्या चिनी चहाचा माझा छंद आणि त्यातून मिळणारी विश्रांती यांवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमच्या तीन हरकती आहेत. चार पानं गरम पाण्यात टाकायला तराजू, थर्मामीटर आणि घड्याळ लागत असेल तर तो विरंगुळा कसला, ते आणखी एक कामच झालं, ही पहिली. तब्येतीचे फायदे मी ऐकीव माहितीवर ठोकून दिले, ही दुसरी. आणि तिसरी अशी की, मी सांगितल्याप्रमाणे करूनही तुमचा लाँगजिंग हा हिरवा चहा कडूजहर झाला, तेव्हा मन शांत होण्याच्या गोष्टी ही नुसती शब्दांची सजावट आहे. शेवटी तुम्ही लिहिलंत, 'हे चोचले आहेत.'

दुसरी हरकत आधी घेते, कारण तिथे वाद घालण्यासारखं काही नाही. पु-अर या युन्नान प्रांतातल्या मुरवलेल्या चहाने चरबी वितळते असं मी लिहिलं होतं. ते लिहायला नको होतं. वाक्य काढून टाकलं आहे. चहाच्या पानात कॅफीन असतं आणि थिअनीन नावाचं अमिनो आम्ल असतं एवढं खरं, पण माझ्या संध्याकाळच्या निवांतपणाचं श्रेय मी त्यांना देणं योग्य नव्हतं. उलट संध्याकाळी उशिरा प्यायले तर मला झोप लागत नाही, हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. ज्यांची झोप नाजूक आहे त्यांनी दुपारीच प्यावा.

आता तुमचा कडू लाँगजिंग. याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण चूक माझ्या लेखात आहे. मी वर्णन केलं होतं ऊलाँगचं (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार), उकळत्या पाण्याचं आणि झाकण ठेवून मुरवण्याचं. हिरव्या चहाला ही पद्धत चालत नाही, हे एका ओळीतही सांगितलं नव्हतं. तुम्ही तेच लाँगजिंगला लावलंत आणि पाच मिनिटं झाकून ठेवलंत. तो कडू होणारच होता.

लाँगजिंग हा चच्यांग प्रांतातल्या हांगचौचा, पश्चिम सरोवराच्या भोवतालच्या टेकड्यांवरचा चहा. त्यातला सगळ्यात नाजूक समजला जाणारा माल छिंगमिंग या वसंतातल्या चिनी सणाच्या आधी, म्हणजे साधारण 5 एप्रिलच्या आत खुडतात. एक कोंब आणि त्याला चिकटलेलं एखाददुसरं कोवळं पान. खुडलेली पत्ती तापलेल्या कढईत हाताने दाबत, सरकवत परततात, म्हणून ती अशी चपटी आणि गुळगुळीत होते. त्या उष्णतेने पानातली विकरं निकामी होतात आणि हिरवा रंग टिकतो. चहाच्या पानात कडूतुरटपणा आणणारी द्रव्यं असतात, कॅटेचिन आणि कॅफीन, आणि पाणी जितकं गरम तितकी ती भराभर उतरतात. चवीला गोडसर भरीवपणा देणारी अमिनो आम्लं मात्र कमी गरम पाण्यातही चांगली उतरतात. म्हणून पाणी 75 ते 80 अंशांवर घ्यायचं: गोडवा येतो आणि कडवटपणा मागे राहतो. कोवळ्या पानांत अमिनो आम्लं जास्त असतात. ऊन वाढत जातं तसं थिअनीनचं रूपांतर कॅटेचिनमध्ये होत जातं. वसंतातल्या पहिल्या खुडणीचं एवढं कौतुक का, त्याचं एक कारण यातच आहे.

हे कारण मी तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्हाला आकडा पाठ करावा लागला नसता. इथे मी तुमच्या पहिल्या हरकतीवर येते, आणि तिच्यात तथ्य आहे हे कबूल करते. मी लेखात आकड्यांची रांग लावली होती. इतके ग्रॅम, इतके अंश, इतके सेकंद. कारण न सांगता आकडे दिले की माणूस धास्तावतो, आपलं काही चुकलं तर नाही ना असं त्याला सारखं वाटत राहतं. अशा मनाने विश्रांती होत नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. सुरुवातीचे काही महिने मीही थर्मामीटर घेऊनच बसायचे. आता तो कपाटात असतो.

थर्मामीटर नव्हते तेव्हाही लोक पाणी ओळखत होते. थांग राजवटीत, आठव्या शतकात, लू यू नावाच्या माणसाने चहावर पहिला सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यात पाण्याच्या उकळीचे तीन टप्पे आहेत. आधी माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आणि बारीक आवाज. मग भांड्याच्या कडेने मोत्यांच्या सरीसारखे ओळीने वर येणारे. आणि शेवटी लाटा उसळतात तशी उकळी. त्याच्या पुढे पाणी जून झालं, ते घेऊ नये, असं तो सांगतो. त्याचा चहा आपल्यापेक्षा वेगळा होता. तो वडी भाजून, कुटून, ती पूड पाण्यात शिजवायचा आणि त्या पाण्यात चिमूटभर मीठही घालायचा. पण आधणाकडे बघत राहायची त्याची रीत मी उचलली आहे. किटलीचं झाकण उघडं ठेवते आणि बघते. बारीक बुडबुडे सुटायला लागले की हिरव्या चहासाठी उतरवते. पुढे गेलंच तर दुसऱ्या भांड्यात ओतून जरा थांबते. एवढंच.

तुम्ही म्हणाल, बघत बसणं म्हणजे पुन्हा लक्ष देणं आलंच. आलं. आपल्या दोघांत खरा मतभेद इथे आहे असं मला वाटतं. तुमच्या लेखी विश्रांती म्हणजे कशाकडेच लक्ष द्यायची गरज नसणं. मला तशी विश्रांती घेता येत नाही. काही न करता बसले की दिवसभरातलं अर्धवट राहिलेलं सगळं डोक्यात गर्दी करतं. हाताला आणि नाकाला एक छोटं, निरुपद्रवी काम दिलं की ती गर्दी आपोआप पांगते. चिनी चहा मला त्यासाठी फार सोयीचा पडतो. त्यात दर मिनिटाला काहीतरी घडतं, आणि जे घडतं ते बिघडलं तरी कुणाचं काही अडत नाही.

एक उदाहरण सांगते. फूच्येन प्रांतातल्या आन्शी भागात 'तिएग्वानयिन' नावाचा ऊलाँग होतो. नावाचा अर्थ लोखंडी ग्वानयिन, आणि ग्वानयिन म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचं चिनी रूप. खुडलेली पानं आधी कोमेजू देतात, मग हलवून घुसळून त्यांच्या कडा जरा दुखावतात. दुखावलेल्या कडेला हवा लागली की ती लालसर होते, कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं तशी. हे हवं तेवढं झालं की पान तापवून तिथेच थांबवतात. नंतर कापडात बांधून पुन्हा पुन्हा मळतात, म्हणून शेवटी त्याच्या घट्ट गोळ्या होतात.

काल संध्याकाळी मी हाच चहा केला. गायवान म्हणजे बशी, वाडगा आणि झाकण असं चिनी मातीचं भांडं. माझ्याकडच्या गायवानात साधारण 100 मिलिलिटर पाणी मावतं. त्यात 5 ग्रॅम गोळ्या घातल्या, तर जेमतेम तळ झाकला. उकळतं पाणी वरून धार धरून सोडलं तेव्हा त्या खडखडल्या. वीस सेकंदांनी पहिला चहा गाळून घेतला. तो फिक्का होता, त्याची चव नुसती चाहूल लागावी इतकीच. पण झाकण उलटं करून नाकाशी नेलं तर फुलांचा दाट वास. दुसऱ्या पाण्याला गोळ्या अर्ध्या सुटल्या होत्या, काहींचे देठ बाहेर डोकावत होते. झाकण जरा तिरपं धरून बारीक फट ठेवायची आणि ओतायचं, बोट कडेला लागलं तर चटका बसतो, त्यामुळे त्या क्षणी दुसरा विचार मनात येऊच शकत नाही. तिसऱ्या पाण्याला पानांनी झाकण वर उचललं. तळ झाकण्याइतक्या गोळ्यांनी अख्खा वाडगा भरून गेला होता.

तिसरा चहा सगळ्यात चांगला झाला. घोट गिळल्यानंतर थोड्या वेळाने घशातून गोडवा परत वर येतो, चिनी लोक त्याला 'ह्वेइगान' म्हणतात, परतून येणारी गोडी. ती येईपर्यंत पुढचा घोट घ्यावासा वाटत नाही. मग सहावं, सातवं पाणी होईतो चव उतरत गेली आणि शेवटी पाण्यालाच मंद गोडसरपणा राहिला. एक पान बशीवर पसरून बघितलं. अख्खं, कातरलेल्या कडांचं, हिरवं, आणि काठाला तांबूस किनार. पाऊण तास गेला होता. त्या वेळात मी किती ग्रॅम, किती अंश याचा हिशोब एकदाच केला होता, सुरुवातीला.

पिशवीतल्या चहात हे घडत नाही, कारण तिथे बहुधा पानाचा बारीक चुरा असतो. चुऱ्याचा पृष्ठभाग मोठा, सगळं एकदम पाण्यात उतरतं आणि एका कपात काम संपतं. घाईच्या वेळी मीही तोच पिते, त्याला मी नावं ठेवत नाही. पण उलगडायला पान अख्खं लागतं.

राहिला 'चोचले' हा शब्द. तो मला लागला. लेखातलं छायाचित्र पाहून तुम्हाला तसं वाटलं असेल: लाकडी ताट, ईशिंग या चिनी शहराच्या जांभळट मातीची किटली, लहान कपांची रांग. ते फोटोसाठी मांडलं होतं. रोज मी एक गायवान आणि त्यातला एक कप वापरते. चीनमध्ये हा चहा बघायचा तर क्वांगतुंग प्रांतातल्या चाओचौचं उदाहरण घ्या. तिथे 'गोंगफू' पद्धतीचा चहा दुकानाच्या गल्ल्याशेजारी, घराच्या उंबऱ्यात, कामाच्या मधल्या वेळात होतो. लहानशी किटली, तीन इवलेसे कप, आणि आलेल्या कुणालाही आग्रह. गोंगफू म्हणजे मेहनतीने आलेलं कसब, मारामारीच्या कुंगफूतला शब्द तोच. चीनमधल्या चहा करण्याच्या पारंपरिक पद्धती आणि त्याभोवतीचे रिवाज यांची 2022 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली, त्यात चाओचौची ही पद्धतही आहे. उंबऱ्यात बसून केलेल्या चहाला चोचले म्हणणं मला पटत नाही.

आणखी एक. सुटी पत्ती हीच मुळात कटकट कमी करण्यासाठी पुढे आली. मिंग राजवटीचा पहिला सम्राट होंगवू याने 1391 मध्ये दरबाराला नजराणा म्हणून येणाऱ्या चहाच्या दाबून केलेल्या वड्या बंद केल्या आणि सुटी पत्ती पाठवायला सांगितलं, कारण वड्या करण्यात प्रजेचे हाल होत. भाजणं, कुटणं, चाळणं मागे पडत गेलं. पान, पाणी आणि भांडं उरलं. (युन्नानच्या पु-अरच्या वड्या आजही दाबतात. पण तो वर्षानुवर्षं मुरवायचा वेगळाच चहा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

तेव्हा माझी विनंती आहे, उरलेला लाँगजिंग टाकून देऊ नका. गायवान नको, तराजू नको. काचेचा एक उंच पेला घ्या. त्याचा तळ झाकेल एवढी पत्ती घाला. उकळून बाजूला ठेवलेलं, बोट लाववणार नाही इतकं गरम पण वाफेचा जोर ओसरलेला आहे असं पाणी आधी थोडंसंच ओता, पत्ती भिजू द्या आणि वास घ्या. मग पेला भरा. झाकण ठेवू नका, वाफ कोंडली की कोवळी पत्ती शिजते. पानं आधी वर तरंगतील, मग एकेक करून उभी खाली उतरायला लागतील. हांगचौला लाँगजिंग असाच पेल्यात पितात, गाळत नाहीत. पेला एक तृतीयांश उरला की वरून पुन्हा पाणी घाला. असं दोनतीनदा होतं. कडवट वाटला तर पत्ती कमी करा किंवा पाणी आणखी निवू द्या, या दोनच गोष्टी हातात आहेत आणि दोन्ही पुढच्याच पेल्यात सुधारता येतात.

मूळ लेखात मी आज बदल केले आहेत. आकड्यांची रांग काढली, हिरव्या चहाचं पाणी वेगळं सांगितलं, आणि ही चूक एका वाचकाने दाखवून दिली असं खाली नमूद केलं आहे. पेल्यातला लाँगजिंग करून बघितलात तर कसा झाला ते नक्की कळवा. तरीही कडू झाला तर पाकिटावरची खुडणीची तारीख आणि पत्तीचा रंग कसा आहे तेवढं लिहा, म्हणजे दोष पाण्याचा की पत्तीचा ते आपल्याला शोधता येईल.