अडीचशे न्यूटन मीटर आणि कर्वे रोड

माझ्याकडे २०१४ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय आहे. दीड लिटरचं डिझेल इंजिन, १०५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. हे आकडे मी लोकांना आपणहून सांगतो, कारण विचारत कोणीच नाही. लोक विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" ते सांगितलं की, "केवढ्याला पडली?" तेही सांगितलं की माणूस दोन पावलं मागे सरकतो, गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतो आणि हळहळतो, "अरे, एवढ्यात डिकीवाली आली असती की!"

आमच्या नात्यागोत्यात गाडीची लायकी फुटपट्टीने ठरते. मागे डिकी निघाली म्हणजे माणूस मार्गी लागला. आठ लाखांच्या पुढे मोजून आखूड गाडी आणणाऱ्याला शोरूमवाल्याने गंडवलंय, यावर दोन्ही घरच्यांचं एकमत आहे. एरवी ते कशावरच होत नाही. त्यात शेजाऱ्यांचीही पोलोच. तोच पांढरा रंग, तेच दिवे. माझ्या जाळीवर 'जीटी' एवढी दोन अक्षरं जास्त. त्यांच्या साध्या पेट्रोल गाडीत टॉर्क ११० आहे, हे मी वॉचमनला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मला माहितीये ना साहेब फरक. तुमची सकाळी आवाज करते."

करते. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवाच दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आत फवारताक्षणी पेटतं. डिसेंबरातल्या सकाळी पहिली दोन मिनिटं ती अशी काही खडखडते की दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत येऊन विचारतात, "कोणाचा टेम्पो आलाय का?"

टॉर्क म्हणजे काय हे बायकोला पटवायला मी इनोव्हाचा दाखला दिला. त्या वेळच्या अडीच लिटरच्या इनोव्हाला २०० न्यूटन मीटर टॉर्क. तेवढ्यावर ती स्वतःचं दीड टनाहून जड अंग, सात माणसं आणि टपावरच्या बॅगा घेऊन महाबळेश्वर चढायची. आपल्या गाडीत पन्नास जास्त, आणि वजन बाराशे किलोच्या आसपास! तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "सात माणसं बसतात का?"

या वात्रट गाड्या जन्माला घालण्यात सरकारचाही हात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. तेवढ्यात बसलात तर कर कमी. सरकारच्या डोळ्यांपुढे बिचारं मध्यमवर्गीय चौकोनी कुटुंब असणार. पण टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवायचा नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं! पोलो जीटी आधी १.६ लिटरची होती. त्या इंजिनाऐवजी भारतासाठी मापात बसणारं दीड लिटरचं आलं, ताकद होती तेवढीच. फियाटने पुंटोत १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेलमधून ९३ पीएस काढले. त्याच इंजिनाचा ७५ पीएसचा सोज्वळ अवतार स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत होता की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणत. पुढे फोर्डने फिगोत १०० पीएस घातले आणि त्याचा फारसा गाजावाजाही केला नाही. शिवाय २०१२ च्या सुमारास पेट्रोल सत्तरीपार आणि डिझेल चाळिशीत. त्यामुळे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे चिक्कू आणि वेगवेडे एकाच पंपावर रांगेत उभे राहायला लागले. मी दोन्ही आहे.

पोलो चाकणला बनायची, पुंटो रांजणगावला. म्हणजे पुण्याच्या दोन अंगांना ही मस्ती तयार होत होती आणि मधल्या पुण्यात ती जिरवायला जागा नव्हती.

कागदावर हा टॉर्क दीड हजार ते अडीच हजार आरपीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या होत असताना, मिळतो. प्रत्यक्षात काटा अठराशेच्या आसपास पोचला की टर्बो उठतो. त्याला फिरायला इंजिनातून बाहेर पडणारा धूर लागतो, आणि धूर पुरेसा यायला इंजिन आधी स्वतःच्या दमावर पळावं लागतं. सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा तो आधी मान वर करत नाही, आणि वरून फोन आला की फाइल घेऊन धावत सुटतो. कर्वे रोडवर वरून फोन येतच नाही. नळस्टॉपचा सिग्नल सुटतो. पहिला, दुसरा, काटा पंधराशे, सोळाशे, सतराशे, पाठ सीटला टेकायला लागते, आणि नेमकी पुढची पीएमपी थांबा टाळून रस्त्याच्या मधोमध माणसं उतरवते. काटा परत नऊशेवर. रोज मी अडीचशे न्यूटन मीटर घेऊन ऑफिसला जातो आणि जवळजवळ सगळे तसेच घरी परत आणतो.

उरतो तो घाट. माझी सासुरवाडी चिपळूणची, हा या लग्नाचा एक मोठा फायदा. येताना पोफळी सोडली की कुंभार्ली सुरू होतो. मागच्या मे महिन्यात गाडीत आम्ही दोघं, सासूबाई, तांदळाचं पोतं, दोन फणस, आणि पुढे माझ्या शेजारी अण्णा, म्हणजे सासरे. अण्णांनी याच घाटात वर्षानुवर्षं एसटी चालवली. पुढे लादलेला ट्रक, काळा धूर सोडत रांगत होता. वळण संपलं, समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, काटा दोन हजारावर. हॉर्न दिला, पाय दाबला आणि आवाज फारसा न चढवता ती फणसांसकट पुढे गेली. पुढची चाकं जराशी बाहेर ओढायला बघतात, कारण लोखंडाचं सगळं ओझं नाकावर असतं. पण वर चढताना एवढं कोण बघतं.

मागून सासूबाई ओरडल्या, "जावईबापू, सावकाश हो!"

अण्णा रस्त्याकडेच बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तिसऱ्यातच होतात?"

"हो."

"खाली टाकला नाहीत?"

"गरज नाही पडली."

कोयनानगरला चहा घेईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग बशीत चहा ओतता ओतता टपरीवाल्याला माझ्या गाडीकडे बोट करून म्हणाले, "इंजिन आहे हो तिच्यात." गाडी घेतल्यापासून तिच्याबद्दल घरच्या माणसाने काढलेला हा एकमेव चांगला उद्गार.

धुराच्या बाबतीत मात्र तिची बाजू घ्यायला माझ्याकडे फारसं काही नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं चाचणीत धूर कमी आणि रस्त्यावर जास्त सोडणारं सॉफ्टवेअर अमेरिकेत उघड झालं आणि भारतातही सुमारे सव्वातीन लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या गेल्या. बातमी वाचून बायको म्हणाली, "तरीच! तुझ्यासारखीच आहे ती. चारचौघांत वेगळी." मग एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला. धूर धुऊन काढणारी यंत्रणा छोट्या गाडीच्या किमतीत बसेना. मारुतीने डिझेल सोडलं, फोक्सवॅगनने सोडलं, फोर्डने तर देशातलं उत्पादनच थांबवलं. ह्युंदाईने आय-२० चं डिझेल आणखी काही काळ ओढलं. टाटाची अल्ट्रोज तेवढी एकटी किल्ला लढवत राहिली.

त्यामुळे हल्ली सिग्नलला कोवळी पोरं काच खाली करायला लावतात. "काका, विकणार का?" काका हा शब्द गिळून मी नाही म्हणतो. शेजारच्या सीटवरून "किती देशील?" असा प्रश्न जातो.

आरटीओच्या हिशेबाने गाडीची पंधरा वर्षं २०२९ मध्ये भरतात. बायकोने फोनमध्ये त्या तारखेला 'गाडी विकणे' असं रिमाइंडर लावलंय. मी माझ्या फोनमध्ये 'री-पासिंग' असं लावलंय, दोन महिने आधीचं.