‘नुसती मीठी सुपारी’ खाणाऱ्या पोराबद्दल

भाऊ, खर्र्यावरच्या (तंबाखू-सुपारी-चुना घोटून केलेल्या मिश्रणावरच्या) लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘दहावीतल्या पोराला तोंडाचा कॅन्सर होत नाही. आईबापांना घाबरवणं बंद करा. आमचा पोरगा तंबाखूला हातही लावत नाही, नुसती मीठी सुपारी खातो.’

पहिलं वाक्य जवळजवळ बरोबर आहे. मोठ्यांना होतो तो तोंडाचा कॅन्सर विशीच्या आत क्वचितच दिसतो. फॅन्कोनी अ‍ॅनिमियासारखा जन्मजात आजार असेल तर गोष्ट वेगळी. लहान मुलांच्या तोंडात-जबड्यात कधी कॅन्सर आढळलाच, तर तो बहुधा लिम्फोमा किंवा सार्कोमा या वेगळ्या प्रकारांतला असतो. त्यांचा खर्र्याशी संबंध नाही.

माझं भांडण तुमच्या मीठी सुपारीशी आहे. तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ सालच्या अहवालात स्पष्ट लिहिलंय. आणि कॅन्सरच्या कितीतरी आधी ती तोंड आवळून टाकते. सुपारीतल्या अरेकोलीन या रसायनामुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात. सुरुवात जळजळीने होते. सावजी रस्सा वाटीवर वाटी रिचवणारा पोरगा साध्या वरणातली मिरची बाजूला काढू लागतो. मग गाल आतून पांढुरके आणि ताठ होतात, जीभ पूर्ण बाहेर निघत नाही, शेवटी तोंडच नीट उघडत नाही. हा सबम्यूकस फायब्रोसिस शाळकरी वयातही होतो. सुपारी सोडून व्यायाम केले, इंजेक्शनं घेतली तर आराम पडतो, पण साठलेले तंतू पुरते विरत नाहीत. यांतल्या काहींना पुढे कॅन्सर होतो, तोही ऐन कमावत्या वयात.

ठेल्यावर पन्नीत घोटून मिळणाऱ्या खर्र्यातही तंबाखू-चुन्यासोबत भरपूर सुपारीच असते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे. मीठी सुपारीची पुडी मात्र चॉकलेटच्या बरणीशेजारी लटकलेली असते, आणि आपणही ती चॉकलेटमध्येच मोजतो!

आज पोराला स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील, तिखट सहन होत नसेल किंवा एखादा चट्टा, फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नसेल, तर शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून या. दिवसाला किती पुड्या होतात तेही विचारा, पण खवळू नका, नाहीतर तो अर्धाच आकडा सांगेल.